सतरा पायऱ्या

रेंज फक्त गढीच्या बुरजावर येते.
म्हणून आम्ही तिथं बसून खेळतो,
पाठीला दगड, पायाखाली सीताफळीचं रान
आणि हातातल्या काचेत
अजून एक गढी,
जिच्यात आम्ही रोज मरतो.

हे पहिल्यांदा संघपालच्या ध्यानात आलं.
त्याला गोळी लागली होती, तो रिकामा होता,
मेलेल्या नजरेनं नुसता पाहत होता:
"अबे, हे तर आपलीच गढी हाय."
नकाशाच्या वायव्येला, नदीच्या वळणाशी
तोच कललेला बुरूज, तोंड उगवतीला,
भिंत फोडून निघालेलं तेच वाकडं झाड.
फक्त आमचा पिंपळ आहे,
त्यांच्या झाडाला पानंच नाहीत.

त्या दिवसापासून मोजमाप सुरू झालं.
निकेश टेकामनं फवाऱ्याच्या नळीनं दरवाजा मोजला.
तौसिफ चक्कीवर पीठ तोलतो, हिशेबाचा पक्का:
"तिथं सतरा पायऱ्या, इथं चौदा. कसं जमवता?"
"तीन मातीत बुजल्या असतीन."
"अन् उत्तरेची भिंत?"
उत्तरेची भिंत खेळात छातीएवढी उभी आहे,
तिच्याआड कितीदा जीव वाचला.
इथं त्या जागी बोराटी, आणि शेळ्या.

कोणी म्हणे, नकाशा काढणारा इथं येऊन गेला.
पेंदोर आज्यानं दुजोरा दिला:
एक उंच माणूस आला होता,
तीन पायांच्या दुर्बिणीतून पाहायचा,
उकडलेली अंडी मागायचा.
"तो कालव्याचा सर्वेवाला होता, आजा," तौसिफ म्हणाला.
कालवा काही आला नाही,
म्हणून माणूस आम्ही ठेवून घेतला.

एका रात्री कानात आवाज,
पैनगंगेच्या पल्याडचा पोरगा, आमच्याच टोळीत पडलेला:
ये किला तो हमारे गाँव का है.
संघपालनं त्याला जखमी तसाच सोडला.
मग परत फिरला, गोळ्या चुकवत, त्याला उचललं,
विचारलं, तुम्हारे यहाँ सीढ़ियाँ कितनी?
तो म्हणाला, गिनी नहीं कभी.

भिंत निकेशला सापडली.
वृंदाकाकूच्या धुण्याच्या दगडाला खालून अर्धं कमळ,
शाळेच्या पायात, कोपऱ्याला, त्याची उरलेली पाकळी,
आत्रामांच्या गव्हाणीला टेकलेला वाघाचा पंजा,
त्याला कालवड बांधलेली.
फोन धरून तो घराघरासमोर उभा राहायचा.
"कायले रे धुण्याच्या दगडाचा फोटू?"
"काकू, तुमी किल्ल्याच्या भिंतीवर धुणं धुता."
"मंग? मैली होते का ते?"
टेकामांच्या उंबऱ्याखाली काय आहे
ते मात्र त्यानं कोणाला पाहू दिलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नवं अपडेट आलं.
दोन जीबी. उतरायला रात्र गेली.
सकाळी वायव्येला मैदान होतं,
दिवे, गोल रस्ता, रंगीत गाड्या.
तौसिफ म्हणाला, चला, हिशेब मिटला.
संघपालनं खेळ काढून टाकला
आणि दुपारी परत घेतला.

परवा गेलो तर निकेश एकटाच,
टिकाव, घमेलं, फोन दगडावर उपडा.
पंधरावी लागली होती,
मधोमध झिजून खोलगट,
एका पावलाला पुरेल एवढी.
"सोळावी?"
"हाय खाली. टिकाव वाजते."
मला एक मॅच खेळायची होती, वर जायचं होतं.
घमेलं एकच होतं.
मी हातानं माती ओढत बसलो.